धुवायची नाही

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला, आमच्या दुकानात
तोफखान्याचे गणवेश येतात, लग्नातले कोट येतात,
हळद लागलेले शालू येतात.
मार्चातल्या एका दुपारी लानुरेनला आली
आणि काउंटरवर शाल ठेवून म्हणाली,
"दीदी, धोना नहीं है."

मी चिठ्ठीवर तेच लिहिलं.
नंबर चारशे सतरा. धुवायची नाही.
फक्त कसरीनं खाल्लेलं वाटाण्याएवढं भोक,
लाल पट्ट्यात.

मी येवल्याच्या विणकरांची.
कापड हातात आलं की आधी उलटं करते,
सुलट बाजू कुणालाही फसवते.
उलट्या अंगानं कळलं, ही एक शाल नाही,
तीन पट्ट्या आहेत, शेजारीशेजारी शिवलेल्या.
कडेला काळा, लाल, पुन्हा काळा,
मधोमध पांढरी वाट,
आणि वाटेवर हत्ती, वाघ, कोंबडा, भाला,
रुंद कपाळाचं एक जनावर.
"मिथुन," ती म्हणाली.
मला वाटलं, रास सांगतेय.

चित्रं विणलेली नव्हती, काढलेली होती.
झाडाचा चीक, पानांची राख, तांदळाची दारू
आणि कुण्या म्हाताऱ्याचा न थरथरलेला हात.
पाण्यात घातली असती
तर वाघ आधी गेला असता.

तीनच पट्ट्या का, ते तिच्या क्वार्टरवर दिसलं.
तिचा माग म्हणजे आठ-दहा काठ्या आणि एक पट्टा.
एक टोक खिडकीच्या गजांना, दुसरं कमरेला.
ती मागे रेलली की ताणा ताठ,
पुढे वाकली की सैल.
दोन हात पोचतील तेवढाच पन्हा.
आमचे बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे,
चहाला वर यायचे, ताणा तसाच ताठ.
ही कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठली
आणि सगळं कापड फरशीवर निजलं.

लाल धाग्यापायी आठवडा गेला.
भावानं येवल्याहून पैठणीच्या काठाचं रेशीम धाडलं,
"याहून चांगला लाल जिल्ह्यात नाही."
तिनं बोटाला गुंडाळून पाहिलं, परत दिलं.
फार चमकतो, म्हणाली.
तिच्या आजीच्या गावात लाल रंगवायच्या फक्त म्हाताऱ्या.
तरुण हातानं मुळं कुटली
तर रक्तानं मरण येतं म्हणायचे.
"अब तो बाज़ार से आता है.
किसने रंगा, किसको पता."
मी एकसष्टची. म्हटलं, मग मला चालेल.
भद्रकालीत काष्ठौषधीवाल्याकडून पावशेर मंजिष्ठा घेतली,
तुरटी घातली, सूत उकळलं.
सुनेचं पातेलं कायमचं लाल झालं,
तो वेगळा विषय.

शाल तिच्या आजोबांची.
जुन्या काळी ज्यानं शत्रूचं डोकं आणलं
किंवा मिथुन कापून गावाला जेवू घातलं
त्यानंच पांघरायची.
तिचा हवालदार नवरा म्हणतो,
मी तोफांना तेल लावतो,
डोकं अजून कुणाचं आणलं नाही.
म्हणून ती पेटीत असते.

आता सांगूनच टाकते.
ज्या रात्री रफू झालं
मी शटर अर्धं ओढलं, आरशासमोर गेले, पांघरली.
पाच मिनिटं.
वाघ डाव्या खांद्यावर आला.
डोकं मी तरी कुणाचं आणलंय?
गावजेवणही नाही,
बारशाला पन्नास पानं उठली तेवढीच.

न्यायला आली तेव्हा राहवलं नाही, कबूल केलं.
तिनं रस्त्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला,
"मैंने भी. दो बार."

जुलैत त्यांची बदली झाली.
त्या क्वार्टरमध्ये आता भटिंड्याचं कुटुंब.
खिडकीच्या गजांवर दोन जागी रंग घासलेला आहे,
त्यांना वाटतं आधीच्यांनी बकरी बांधली असेल.

माझा लाल तिच्या लालाहून जरा विटकरी उतरला.
तिनं शाल उन्हात धरली होती,
जागा लगेच सापडली होती,
बोट क्षणभर तिथं ठेवलं होतं.
मग घडी घालून विचारलं,
कितना हुआ.