मटकीएवढा

मखमलाबाद नाक्यावर एक्स-रेची गाडी.
भोंगा ओरडतोय : तीन आठवडे खोकला? या, फुकट आहे.
रांगेत मी. विडीवाला मीच ना.
हौसा नुसती सोबत आलेली,
बोटांना मिसळीच्या तर्रीचा वास,
पदराला चुलीचा.

गाडीतली पोरगी म्हणाली,
मावशी, तुम्हीपण उभ्या राहा. श्वास धरा.
हौसा हसली.
वीस वर्षं फुंकणी फुंकून
उरलाय कुठे धरायला?

माझी फिल्म साफ आली.
तिच्यात ठिपका,
मटकीएवढा.
डॉक्टर म्हणाले, सीटी करू.
लवकर दिसला, हे बरं.

रात्री तिनं उद्याची मटकी फडक्यात बांधली.
मी गाठ सोडून
एकेक दाणा दिव्याशी धरला.
मोड यायला अजून अवकाश होता.

वारा लागेल, बांध ती, हौसा म्हणाली.