तीनमधून एक

कलेक्टर कचेरीतून कागद आला
तेव्हा कूलरला नवा वाळा बसवत होतो.
ओल्या हातानंच उघडला. शाई पसरली,
‘एकच’ हा शब्द तेवढा कोरडा राहिला.

एका परवान्यावर एकच बंदूक.
बाकीच्या नव्वद दिवसांत जमा करा,
ठाण्यात, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे.
नियम देशभर सारखा, म्हणे.
देश मोठा आहे बाप्पा.
माझ्याजवळ एक लोखंडी कपाट आहे,
उमरेडच्या खाणीतून रिटायर होताना लिलावात घेतलेलं,
त्याची किल्ली जानव्यासारखी अंगावरच असते.

चिडलो. खोटं कशाला बोलू.
ज्याच्या कमरेला देशी कट्टा असतो
त्याच्या घरी असा कागद येत नाही,
त्याचा पत्ताच नाही कोणाजवळ.
माझा आहे. गल्ली, फोन, अंगठा, सगळं.
दर निवडणुकीला तिन्ही घेऊन रांगेत उभा राहिलो,
निकालानंतर पावती दाखवून परत आणल्या,
एकदाही उशीर नाही.
पानठेल्यावर हे सारं मोठ्यानं बोललो.
खर्रा घोटता घोटता मुनेश्वर म्हणाला,
‘काका, वाघ मारायचे राहिले का अजून?’

वाघ तर माझ्या आज्यानंही नाही मारला.
त्याच्या ठासणीच्या बंदुकीनं
रामटेककडच्या वावरातली डुकरं पळाली,
तीही आवाजानंच.
पॉइंट टू-टूचा परवाना माझा, नेम मृण्मयीचा.
रायफल क्लबात तिच्या मागं उभा राहून
मी माझाही श्वास अर्धा सोडायचो.
आता ती बंगळूरला असते.
फोनवर म्हणाली, ‘बाबा, तिन्ही देऊन टाका.’
मग बराच वेळ काही नाही.
मग, ‘निदान ती तरी.’

ती म्हणजे डबल बॅरल. बाबांची.
दसऱ्याला आई तिच्या नळ्यांना झेंडूची माळ घालायची,
एका वर्षी घातली नाही,
त्यानंतर कधीच नाही.

माझ्या तिन्ही बंदुकांनी मिळून
एकच जीव घेतला आहे.
चोराचा नाही. कट्टेवाल्याचा नाही.
विश्वासदादाचा.
मिल बंद पडली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात,
भर दुपारी,
आम्ही सगळे काटोलला लग्नाला गेलो होतो.
परवाना चालू होता.
नूतनीकरणाचा शिक्का ताजा होता.
कागदोपत्री कुठं काही चुकलं नव्हतं.

कोर्टातून परत आली
तेव्हा सुतळीनं पुठ्ठ्याचा नंबर बांधलेला.
बाबांनी तो सोडला नाही, मीही नाही.
दर दिवाळीआधी तेल लावतो,
सुतळी बाजूला सारून.
काऊन लावतो, विचारू नका.

हे पानठेल्यावर नाही बोललो.

एकोणनव्वदाव्या दिवशी ठाण्यात गेलो.
हवालदार लिल्हारेनं रजिस्टर उघडलं,
आज्याच्या बंदुकीचा नंबर दोनदा चुकवला,
थुंकी लावून खोडला.
‘कोणती ठेवता?
टू-टू ठेवा ना, हलकी आहे, पोरगी येईल तर चालवेल.’

टेबलावर तिघी शेजारी शेजारी.
मला एवढंच दिसलं,
की जमा केलेली बंदूक कुठंतरी जाते.
दुकानात. दुकानातून गिऱ्हाइकाकडे.
गिऱ्हाइकाच्या घरात एखादी दुपार असतेच,
आणि लग्नाला न गेलेला कोणीतरी.

‘ही,’ म्हटलं, आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.
तो पुठ्ठा त्यानं वाचला. काही बोलला नाही.
दोन पावत्या फाडून दिल्या.

बाहेर पंचेचाळीसचं ऊन.
ऑटोवाल्यानं माझ्या मांडीवरचं लांब कव्हर पाहिलं.
‘क्रिकेट का, काका?’
हो म्हटलं.
मीटर त्याचं बंदच होतं.