निम्मंशिम्मं

आधी लिंबाचं.
मग तिरका धरायचा
आणि बिअर काठावरून हळूच उतरू द्यायची,
झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तशी.
उलट केलंत तर फेस मनगटापर्यंत
आणि गिऱ्हाइकाच्या हातात अर्धा मग हवा.
हे मला सासूनं शिकवलं, क्रेसेन्सनं.
बाकी तिनं काही शिकवलं नाही.

मी हाम्बुर्गकडची. तिकडे याला आल्स्टर म्हणतात,
तिथल्या पाण्याच्या नावानं.
इथे, आल्टम्यूलच्या काठी, पहिल्याच उन्हाळ्यात
मी सवयीनं तेच बोलून गेले
आणि चेस्टनटखालची सहाच्या सहा टेबलं हसली.
इथे म्हणायचं राडलर. म्हणजे सायकलवाला.
ते येतातही, रविवारी, झुंडीनं,
घट्ट चड्ड्यांतले, बुडं अवघडलेले,
खडीवर फेंगडे चालत.
गव्हाच्या बिअरमध्ये घातलं तर रुस, कोला घातला तर डीझेल,
नुसता सोडा असेल तर आंबट.
एवढी नावं,
पण पातळ म्हणून कुणी मागत नाही.

विन्त्सेन्त्स सायकलवर यायचा नाही.
पलीकडून यायचा, तारेला धरून होडी ओढत.
पूल झाल्यापासून त्या होडीला
एकच उतारू उरला होता, तो स्वतः.
अकराच्या घंटेला कोपऱ्यातला बाक,
टोपी शेजारी, जणू कुणाची जागा धरलीय,
आणि मला: एक राडलर, बुर्गी. निम्मंशिम्मं.

त्याची बहीण एकदा मागच्या दारानं आली,
नोटबुर्गा, हातात अंड्यांची टोपली.
डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलंय, म्हणाली.
पण तू नाही म्हणालीस
तर तो खालच्या गावात जाईल, तिथे श्नाप्स देतात.
अंडी ठेवली आणि गेली.
काय करायचं ते सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी निम्म्याचं तिसरा हिस्सा केलं.
पुढच्या उन्हाळ्यात पाव.
मगातला रंग मधाचा होता, तो वाळल्या गवताचा झाला,
मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा.
शेवटी बिअर बोटभर,
तीही वर, फेसापुरती.
लोक दुधात पाणी घालतात.
मी त्याच्या मगात दिवस घालत होते,
एकेक, पाठ करून,
नळाचा आवाज मात्र मुद्दाम लांबवत.

तो प्यायचा. मिशी पुसायचा.
म्हणायचा, आज जरा कडक आहे.
रोज म्हणायचा.
उठताना पैसे माझ्या हातात द्यायचा, मूठ मिटलेली,
मी तशीच एप्रनच्या खिशात रिकामी करायचे.
झाकली मूठ.

गेल्या ऑक्टोबरात, हंगामाचा शेवटचा दिवस.
गांधीलमाश्याही कंटाळल्या होत्या,
खुर्च्या एकमेकींवर चढवून झाल्या होत्या.
एप्रन धुवायला टाकलेला,
म्हणून नाणी तळहातावरच राहिली. उघडी.
तीन युरो साठ.

माझ्या डोक्यावर पाटी, माझ्याच खडूची:
राडलर चार वीस. लिंबाचं तीन साठ.

मी पाटीकडे पाहिलं. त्यानं नदीकडे.
साठ सेंट कमी आहेत, म्हणाले,
आणि माझा आवाज मलाच लबाड वाटला.
सहा वर्षांत आज मोजलेस होय,
तो टोपी घालत म्हणाला.
मला वाटलं, आता उठेल ते पुन्हा न येण्यासाठी.
पण तो थांबला. चिंतेत असल्यासारखा.
फेसाचे वेगळे लावतेस का?

नाही, म्हणाले. फेसाचे कुणी लावत नाही.
मग ठीक आहे.

तार ओली होती, होडी अडखळत गेली.
पलीकडे पोचल्यावर त्यानं हात केला
की नुसता रुमाल झटकला, कळलं नाही.
मगाच्या तळाशी घोटभर उरलं होतं,
त्यात चेस्टनटचं एक पान.
पान काढलं. प्यायले.

जरा कडकच होतं.