ताईची किडनी निर्दोष आहे

डॉक्टरांनी आधी दार लावलं,
मग कूलर बंद केला.
मेच्या दुपारी, धंतोलीत, कूलर बंद करून
कोणी चांगली बातमी सांगत नाही.

"ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं का?
बहिणीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या ना?"
पेन ताईच्या नावावर थांबलं.

बेबीताई.
कळमन्याला फळांच्या पेट्या मोजते.
डाव्या कुशीत वीतभर व्रण.
देताना म्हणाली होती,
"दोन हायेत, एक तुही. हिशेब कायचा त्यात?"

त्या क्षणी मला एक सोय दिसली, खोटं कशाला बोलू.
गप्प बसलो असतो
तर सगळं तिच्यावर गेलं असतं, नाहीतर रक्तपेढीवर,
आणि मी बिचारा राहिलो असतो आणखी काही वर्षं.
बिचारा असण्याची सवय आहे मला.

तीन वर्षं मशीनवर होतो. पाणी कपानं मोजून.
तहान सोडली तर शरीरात दुसरं काही उरलं नव्हतं.
ताईची किडनी लागली त्याच संध्याकाळी
पिशवीत पिवळं पाणी उतरलं,
अख्खा वॉर्ड बघायला आला.
महिन्याभरात जिभेला चव आली.
वर्षानं बाकीचं सगळं.
तेही परत येतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना यादी दिली होती, अजून पाठ आहे:
ठेल्यावरचे तर्रीपोहे नकोत, उसाचा रस नको,
कबुतरांपासून लांब राहा,
कुंडीतल्या मातीत हात घालू नका, गर्दीत मास्क.
अंथरुणाबद्दल एक ओळ नव्हती.
विचारलं असतं तर सांगितलं असतं का मी?
माहीत नाही.

तो अजनीच्या लोकोशेडमध्ये होता.
कितीही साबण लावला तरी नखांत ग्रीस.
माझ्या पोटावरचा फुगवटा
त्यानं पहिल्यांदा तळहातानं झाकला,
तिथं कोणी झोपलंय असा.
"ताई आहे," मी म्हणालो.
किती हसलो होतो आम्ही.
त्यालाही ठाऊक नसणार. मी तसं धरून चाललोय.

सकाळी नऊ, रात्री नऊ, सात वर्षं
गोळ्या शरीराला शिकवत आल्या:
हत्यार खाली ठेव, ही आपलीच आहे.
ते इतकं शिकलं
की दारात कोण आलं हे विचारायचंच सोडलं त्यानं.

"डॉक्टर, ताईची किडनी निर्दोष आहे.
हे मी कमावलेलं."
कमावलेलं म्हणालो. दुसरा शब्द सापडला नाही.

त्यांनी मान हलवली. कूलर लावला.
म्हणाले, ही औषधं आणि ती औषधं
एकमेकांशी भांडतात, जुळवावी लागतील.
पण जमतं. हल्ली जमतं.
गवताच्या ताटीतून ओला वारा आला.

संध्याकाळी कळमन्याला गेलो.
ताईच्या हातात खडू, आंब्याच्या पेट्यांवर आकडे.
"रिपोर्ट काय म्हनते?"
"किडनी टकाटक आहे तुझी."
"मंग तोंड काहून असं?"

मी उगाच एक पेटी उचलायला वाकलो.
"वजन नको उचलू बे! किती खेपा सांगू?
बस. पानी पी."

तांब्याभर पाणी प्यालो. मोजलं नाही.
हमाल ओरडत होते, ट्रक मागे येत होता.
"हा ट्रक जाऊ दे ताई," मी म्हणालो,
"मग सांगतो."