वहीचं मागचं पान

धान चुरून झालं, तणसाचे ढीग घरामागे लागले,
तेव्हा कुठे शेवंता कोवेनं विषय काढला,
बचत गटाचा हप्ता मोजता मोजता,
मिठाचा पुडा मागावा तसा:
"एक दिवस चांदा पाहून येऊ ना वं."

चांदा म्हणजे चंद्रपूर.
पाटीवरचं नाव बदललं, तिच्या तोंडातलं नाही.

मी सचिव. वही उलटी केली,
मागच्या पानावर समास आखला,
लिहिलं: सकाळी सहा वीस, पहिली एसटी.
"सहाले अंधार असते," बेबी लोनबले म्हणाली,
"नाल्याच्या वळणावर तो बसून राह्यते."
तो म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही.
मी सहा वीस खोडलं. साडेसात केलं.
परतीची वेळही त्यानंच ठरवली:
चारची गाडी, म्हणजे उजेड असता गावात.

मधे उरले सात तास
आणि पाचशे वर्षं.

चार वेशी, पाच खिडक्या, राजांच्या समाध्या,
महाकालीला नारळ, रामाळा तलाव,
लालपेठेत उघड्यावर निजलेले ते दगडी देव
ज्यांचं देऊळ बांधायचं राहूनच गेलं.
वच्छलाला परकोटावर चढून इरई पाहायची आहे.
बेबीला गोलबाजारात कुकरचं रबर.
"ते पाहण्यात येत नाही," मी म्हटलं.
"मंग तू पाह्य. मी तेवढ्यात घेऊन येतो."

डब्याला लाखोळीचे वडे,
दोन दिवस टिकतात म्हणून,
एका दिवसासाठी.

शेवंता सांगत होती, तिच्या आजीनं सांगितलेलं:
ससा कुत्र्याच्या मागे लागला,
कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा,
राजानं ते पाहिलं आणि तिथंच कोट घातला.
"राजा आमचाच होता," ती म्हणाली,
मामाचं घर दाखवावं तशी.

पार्वता मोहुर्ले कोपऱ्यात गप्प होती.
तिचं नाव मी यादीत धरलंच नव्हतं.
दोन वर्षं दर मंगळवारी, गेल्या पोळ्यापर्यंत,
नवऱ्याची फाइल पिशवीत घालून
ती सरकारी दवाखान्यात जात होती.
"तुले तं सगळं ठाऊक असन," शेवंतानं विचारलं,
"जटपुऱ्याच्या वेशीवर काय कोरलं आहे वं?
सिंह आहे ना?"

पार्वतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"शंभर खेपा गेलो तिच्याखालून.
ऑटोत त्याचं डोस्कं माह्या मांडीवर.
वर नाही पाह्यलं, बाई.
रक्त तपासाची खोली सांगतो,
कोणती लिफ्ट बंद असते ते सांगतो,
पाच रुपयाले चहा कोठी भेटते ते सांगतो.
वेशीवर… काही आहे का?"

बाहेर कोणाची तरी बकरी खोकली.
वच्छला परकोटाबद्दल पुन्हा बोलली नाही.

मी नवी ओळ घातली, सगळ्यात वर:
नऊ वाजता. जटपुरा वेस. उभं राहणं. वर पाहणं.
पुढे किती वेळ लिहायचा ते कळेना,
अर्धा तास टाकला.
"तिथी उभं राहू देत नाही," पार्वता म्हणाली,
"गाड्या लय. पोलीस शिट्टी मारते."
"मारू दे," शेवंता म्हणाली,
"राजा आमचा होता म्हनून सांगतो त्याले."
हसू आधी बेबीला आलं, मग सगळ्यांना,
पार्वताला सर्वांत शेवटी, आणि थोडंच.

लालपेठचे देव कापले गेले.
ते तसेही वाट पाहायला शिकलेले आहेत.

उठताना पार्वतानं हप्त्याचे शंभर ठेवले
आणि बाजूला, वेगळे, तिकिटाचे.
एकीचंच. अर्धं. जाऊन येऊन.
दोनदा मोजले तिनं,
इतके कमी कसे लागतात म्हणून.

मी वही मिटली. मग उघडली,
समासात, पेन्सिलीनं लिहिलं:
कुकरचं रबर.