ओळंबा

तीन काठ्या. दोन सारख्या उंचीच्या, एक आडवी,
वर सुतळीची गाठ, गाठीतून लोंबता दगड.
"एवढंच यंत्र," इल्का म्हणाली,
"बिघडलंच तर दुसरा दगड शोधायचा."

आम्ही अकरा जण, अलेन्तेजूच्या उतारावर,
जून, आणि गवत पापडासारखं मोडत होतं.
मी सेतुबालहून आलेले, सहा वर्षं हेडफोन लावून
परक्यांच्या वीजबिलांची माफी मागत बसलेली;
माझ्या हातांना तोवर बटणं तेवढी माहीत.

एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा,
सुतळी मधल्या खुणेवर येईतो श्वास धरायचा,
मग खुंटी.
मग पुन्हा पाय.
पाण्याला धावायची खोड,
त्याला या रेषेवर जरा आडवं पाडायचं,
जमिनीच्या कानात बोलू द्यायचं.
हे पर्माकल्चर, असं वहीत लिहून मी अधोरेखित केलं
आणि वही घामाने भिजवली.

मंगळवारी संडासाची पाळी माझी.
भुसा टाकायला कुणी विसरलं
की साऱ्या वस्तीला बातमी.
पण फावड्याखाली गेल्या वर्षीची रास उलगडली
तर नुसता जंगलाचा वास,
काळी, भुसभुशीत, कुणाचीच नसलेली माती.
मी हातमोजे काढले. का, ते सांगता येणार नाही.

दुपारी झुल्मीरा पातेलं घेऊन यायची:
शिळा पाव, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, वर उकळतं पाणी.
"शिळं फेकायचं नसतं हे शिकायला
तुम्ही पैसे भरता?" ती विचारायची,
आणि वाढताना हात आखडायची नाही.

तिचा नवरा बेलार्मीनो, एक्याऐंशीचा,
चारच्या सुमारास गडग्यावर येऊन बसे.
"काय मोजताय?"
"समपातळी."
त्याने शीळ घातली. बकऱ्या उतरल्या,
आमच्या तेवीस खुंट्यांच्या कडेकडेने
एका ओळीत, चरत, शेपट्या उडवत निघाल्या.
आम्हाला चार तास लागले होते.
फक्त सातव्या खुंटीपाशी त्या जरा खालून गेल्या.
इल्काने काठ्या तिथे नेल्या,
सुतळी खुणेपासून अंगठाभर सरकलेली.
सातवी खुंटी मी ठोकली होती.
"बकऱ्यांनाही विचारत चला," इल्का म्हणाली,
आणि खुंटी उपटून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी त्याने आम्हाला ओक दाखवले,
बाटल्यांना बूच ज्यांच्या सालीचं, ते.
नुकते सोललेले, विटकरी, उघडे,
आणि बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा: ४.
"यंदा चार. पुढच्या खेपेला तीन."
"उलटं मोजता?"
"नाही, नऊ-नऊ वर्षांनी मोजतो."
मी मनात बोटं घातली: चौतीस अधिक नऊ.
त्याची बेरीज मी केली नाही.
त्यानेच केली असावी, कारण म्हणाला,
"शिडी कोण धरणार ते तेवढं आत्ताच ठरवा."

बाराव्या दिवशी प्रमाणपत्रं. बहात्तर तास, सही, शिक्का.
इल्काने एक त्याच्याही नावाचं छापलेलं.
त्याने नीट वाचलं, घडी घातली,
"बकऱ्यांचं कुठाय?" म्हणाला.
मग काठ्यांकडे बोट दाखवून:
"हे एका रात्रीसाठी न्यायचं होतं.
मागची भिंत कलली, असं झुल्मीरा म्हणते.
मी म्हणतो, नाही. पन्नास वर्षं झाली."

खांद्यावर ते तिकाटणं घेऊन तो उतारावरून गेला,
दगड पाठीवर टकटक वाजत.

सगळे गेले. मी राहिले,
का, ते अजून घरी कळवलेलं नाही.
सकाळी तो आला. काठ्या भिंतीला टेकवल्या,
झुल्मीराने दिलेलं चीज फळीवर ठेवलं.
"मग? कोण बरोबर?"
तो बराच वेळ डोंगराकडे बघत राहिला.
"दगड बिघडलाय," म्हणाला.

इल्काने मला दुसरा शोधायला पाठवलं.
आमच्या नव्या चरात पाण्याचा थेंब नव्हता.
दगड मात्र पुष्कळ होते.