बेत

दुकान वाढवलं. शटर अर्धं खाली.
कटिंगच्या टेबलावर खाकी कागद पसरते
आणि निळ्या खडूनं काढते येऊरचा रस्ता:
उपवनचं तळं, वनखात्याची चौकी, वळणं,
वर गाव, आणि तिथून तसंच परत.
आठ किलोमीटर. रविवारी पहाटे सहाला.

कात्री लगेच कुणी लावत नाही कापडाला.
आधी बेततात.

पहिला किलोमीटर तळ्याकाठचा, सपाट.
ढोल वाजत असतील,
सगळ्यांचे टी-शर्ट एकाच मापाचे, म्हणजे कुणालाच न बसणारे,
आणि तरणी पोरं सुटतील
मागे बिबट्या लागल्यासारखी.
इथं मी आठ मिनिटं घेणार.
खडूनं गिरवते: आठ. परत गिरवते.

कारण गेल्या वर्षी गिरवलं नव्हतं.
ढोलाच्या नादात चौकीपर्यंत पोचले सगळ्या बायकांच्या पुढं
आणि तिसऱ्या वळणावर कठड्यावर बसले,
दोरा संपलेल्या मशीनसारखी,
पाय नुसतेच थरथरतायत, टाका एक पडत नाही.
तेव्हा पाड्यावरची एक बाई खालून आली,
डोक्यावर कोंड्याचं पोतं, पायात रबरी चप्पल.
माझ्याकडं बघून म्हणाली,
"कुणी मागं लागलंय का, बाय?"
आणि थांबली नाही.
मी तिची पावलं बघत राहिले. सपाटीला लांब.
चढ आला की आखूड,
पण ठेका तोच.

म्हणजे चढावर टाका बारीक घालायचा.
हे मला ठाऊक होतं की!
काखेतल्या गोलाईला मी एवढी वर्षं दुसरं काय करते?

तर चढाचे तीन किलोमीटर, दहा-दहा मिनिटं.
देवळाच्या वळणावर चालायचं. लाजायचं नाही.
कोटणीस बाई म्हणतात, दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा वेगात,
त्याला निगेटिव स्प्लिट म्हणतात.
मी म्हटलं, निगेटिव म्हणजे वाईट ना?
त्या हसल्या. बूट त्यांचेच, जुने,
अर्ध्या मापानं मोठे. पुढं कापूस कोंबलाय.

उतार. तीन किलोमीटर, बावीस मिनिटं.
शिकाऊ मुलींना मी रोज ओरडते,
कापड ओढू नका गं, मशीन आपोआप पुढं नेतं,
तुम्ही नुसता हात ठेवा.
उतारावर तेच सांगायचं गुडघ्यांना.
ऐकतील की नाही कोण जाणे,
त्या मुली तरी कुठं ऐकतात.

झाली साठ मिनिटं, सात किलोमीटर.
शेवटच्या किलोमीटरपुढं खडू थांबतो.
तिथं आकडा घालत नाही.
शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडतो ना आपण,
बाहेरून दिसत नाही, गिऱ्हाइकाला सांगतही नाही,
पण अंग बदललं की उसवून सैल करता येतं,
ती माया.
तळ्याकाठी पोचल्यावर बघू
किती उरलीय.

फोन वाजतो. घरतकाकू, माझा ब्लाउज रविवारी सकाळी मिळेल ना?
सकाळी नाही, म्हणते. दुपारी.
का ते सांगत नाही.

कागदाची घडी घालताना मागची बाजू दिसते:
जुना ड्राफ्ट, माझ्याच हातचा, माझाच.
छाती बत्तीस, कंबर सव्वीस, बाही कोपरापर्यंत,
कोपऱ्यात लग्नाची तारीख.
त्या ब्लाउजची माया दोनदा उसवली,
तिसऱ्यांदा आत काही उरलंच नव्हतं.
मग त्याची टाचण्यांची उशी केली,
ही काय, समोरच आहे. जर अजून थोडी चमकते.

तिच्या कडेला अडकवलेल्या चार सेफ्टी पिना काढते
नंबर लावायला.
एक वाकडी निघाली.
असू दे, ती खालच्या कोपऱ्याला.